हाड माझं, बातमी बाईंना

नमस्कार मागाहून. आधी माझी तक्रार ऐकून घ्या, कारण ती गिळून बोलायला लागले तर मला ठसका लागेल.

अध्यक्षसाहेबांनी आत्ता याच माइकवरून जाहीर केलं, की बाई इथून निवृत्त होऊन दूरदेशीच्या नव्या संस्थेत जाणार आहेत, आणि "आनंदाची गोष्ट अशी, की त्यांच्याबरोबर त्यांची लाडकी विद्यार्थिनीही जाणार आहे." टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. वाजवता वाजवता डोक्यात उजेड पडला, की लाडकी विद्यार्थिनी म्हणजे माझी नात! माझ्या घरात राहते ती, सकाळी माझ्या हातचा चहा पिऊन इथं आली ती. तिच्या जाण्याची बातमी मला कळली कधी? तर तिकडे मागच्या दाराशी कप मांडणाऱ्या माणसाला कळली तेव्हाच. त्याच्या हातातला कप निदान हलला तरी नाही. माझ्या हातातला गुच्छ बघा, अर्धी फुलं खाली पडलीत.

झालं. आता रीतीप्रमाणं.

सन्माननीय अध्यक्ष, या संशोधन संस्थेचे संचालक. माझ्या डाव्या हाताला बसलेले जबड्याचे सर्जन, ज्यांनी माझं तोंड उघडलं आणि नंतर बंद करायचं विसरले असं माझी मुलगी म्हणते. आजच्या सत्कारमूर्ती, आपल्या सगळ्यांच्या बाई. समोर बसलेले डॉक्टर, प्राध्यापक, प्रयोगशाळेतली मंडळी, बाईंचे नवे-जुने विद्यार्थी. तिसऱ्या रांगेतून मला 'आवर, आवर' अशा खुणा करणारी माझी मुलगी. आणि तिच्या शेजारी बुटांच्या नाड्यांचा अभ्यास करत बसलेली तिची मुलगी. हिला मी मुंगी म्हणते. लहानपणापासून स्वतःपेक्षा मोठं काहीतरी ओढत असते म्हणून. तुम्ही सगळे तिला आता डॉक्टर म्हणता. म्हणा.

माझं शाळेशी फार दिवस जमलं नाही. वाचता येतं, लिहायला बसले की घाम फुटतो. उभा जन्म वेताच्या खुर्च्या विणण्यात गेला. तेव्हा इतक्या शिकलेल्या लोकांपुढे मला का उभं केलं? तर माझ्या जबड्यासाठी. माझी हुशारी तुम्हाला नको आहे, माझं हाड हवं आहे. हरकत नाही. वासरात लंगडी गाय शहाणी असते. इथं सगळ्याच गाई धडधाकट, तेव्हा मला निदान लंगडी म्हणून तरी मान आहे.

मुंगीनं मला एक वाक्य पाठ करायला दिलं होतं. म्हणते, "आजी, एवढं एक नीट म्हण, मग काय वाटेल ते बोल." तर ऐका. "जैवविघटनशील बहुवारिकाच्या आधारसांगाड्यानं माझ्या अस्थीतील पोकळी भरून निघाली." आलं की नाही? टाळ्या नकोत, दम लागला.

ज्यांना हे कळलं नाही त्यांच्यासाठी, म्हणजे माझ्यासाठी, साध्या भाषेत सांगते. माझ्या खालच्या जबड्यात उजवीकडे एक गाठ झाली. दुखत नव्हती, खुपत नव्हती, आत बसून गुपचूप हाड खात होती. सर्जनसाहेबांनी ती काढली तर मागे सुपारीएवढा खड्डा राहणार होता. एवढा खड्डा आपला आपण बुजत नाही. ते म्हणाले, कमरेचं हाड थोडं काढू आणि तिथं भरू. मी म्हटलं, म्हणजे तोंड दुरुस्त करायला कंबर मोडायची? भिंतीला भोक पडलं म्हणून जमिनीची फरशी उचकटायची?

तेव्हा मुंगी म्हणाली, "आजी, त्यापेक्षा आमची जाळी घाल."

ही जाळी म्हणजे तो आधारसांगाडा. एक जातीचं प्लास्टिकच म्हणा ना, पण शरीरात जिरणारं. यंत्रातून त्याचा केसासारखा बारीक धागा सोडतात, आडवा, मग त्यावर उभा, मग परत आडवा, थरावर थर. हाडाच्या खड्ड्यात ती बसवतात. तिच्या भोकांतून रक्त शिरतं, हाडाच्या पेशी तिला धरून वर चढतात, नवं हाड धरतं. आणि हाड जसजसं भरतं, तसतशी जाळी विरघळत जाते. लवकर विरघळली तर हाड बसकण मारतं. फार दिवस राहिली तर हाडाच्या वाटेत लुडबुड करते. सगळी खुबी त्या वेळेत आहे. वर्षानुवर्षं बाई आणि त्यांची पोरं या खोल्यांत बसून तेवढंच करताहेत. मी येऊन बघितलंय. कोमट खारं पाणी, त्यात जाळ्या, बाटल्या सारख्या हलताहेत, आणि शहाणीसुरती माणसं त्या बाटल्यांकडे बघत बसलीत.

मागे एक वर्तमानपत्रवाला माझ्याकडे आला होता. माझ्या खुर्च्यांचे फोटो काढले आणि म्हणाला, "आजी, म्हणजे नातीनं ही जाळीची कला तुमच्याच वेताच्या विणीवरून घेतली, असं लिहू का?" डोळे कसे चमकत होते त्याचे! मी म्हटलं, नको. माझ्या खुर्चीकडे तिनं कधी विणीसाठी बघितलेलं नाही, बसायलाच बघायची. वेताची एक पट्टी तिला धड ओवता येत नाही. जे शिकली ते सगळं बाईंकडून शिकली.

आणि इथंच माझ्या पोटात दुखतं.

लपवून काय करू? मी जळते बाईंवर. आज निरोप आहे म्हणून गोड बोलायचं असतं, ते माझ्या आधी तिघं बोलून गेले. गोडाचा भाग उरकलेला आहे.

मुंगीला मी वाढवली. तिच्या आईची नर्सची नोकरी, आज दिवसपाळी, उद्या रातपाळी. पोर माझ्याच मांडीवर. तिचा पहिला दात पडला तो मी बघितला, पहिलं खोटं मी पकडलं. आणि एक दिवस ती या इमारतीत शिरली, आणि संध्याकाळी घरी आली ती "मॅडम म्हणतात" घेऊनच. मॅडम म्हणतात, घाईनं निष्कर्ष काढू नये. मॅडम म्हणतात, चहात साखर कशाला. मी साखर घालतच राहिले, तिनं चहा अर्धा ठेवायला सुरुवात केली. चष्मा कपाळावर चढवायची बाईंची सवय आहे ना? बघा, आत्ताही चढवलाय. हिला चष्मा नाही, तरी विचार करताना हात कपाळाकडे जातो! कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात ते काय उगाच?

बरं, बाईंमध्ये खोट काढावी म्हटलं तर सापडत नाही. हीच त्यांची मोठी खोट आहे. माझी जाळी घालायची ठरली तेव्हा त्यांनी मुंगीला बजावलं, की पेशंट तुझ्या नात्यातला आहे, तेव्हा घालायची की नाही हे तू ठरवायचं नाही, दुसऱ्या डॉक्टरांना ठरवू दे. आता यात चूक काय काढू?

यांच्याकडे एक पद्धत आहे. ज्या खेपेची जाळी पेशंटमध्ये घातली, त्याच खेपेची दुसरी जाळी इथं बाटलीत ठेवतात. म्हणजे आत काय चाललंय याचा बाहेर अंदाज येतो. मुंगी त्या बाटलीला 'तुझी जुळी' म्हणायची. सुट्टीच्या दिवशी मी म्हणावं, बस जरा, डोक्याला तेल लावून देते. तर ही निघाली. "आजी, तुझ्या जुळीचं पाणी बदलायचंय." अगं, आणि मी? माझ्या तांब्यात पाणी आहे की नाही ते बघितलंस? मला सवत नव्हती, ती म्हातारपणी बाटलीच्या रूपानं आली.

त्या बाटलीवर मुंगीनं पेन्सिलीनं 'आजी' असं लिहिलं होतं. बाईंनी ते बघितलं आणि पुसायला लावलं. म्हणाल्या, "इथं कुणाची आजी नाही. इथं फक्त नंबर." हे मला कुणी सांगितलं? मुंगीनंच! घरी येऊन, कौतुकानं! "आजी, कसलं बरोबर बोलल्या ना मॅडम?" मी म्हटलं, हो गं बाई, अगदी बरोबर. आणि त्या दिवशी भांडी इतक्या जोरात घासली, की एका पातेल्याचा कान माझ्या हातात आला.

ऑपरेशनचं सांगते. भूल उतरली, डोळे उघडले. समोर मुंगी, बाजूला बाई. माझ्या उशाशी एकच खुर्ची होती, आणि मुंगीनं उठून ती बाईंना दिली होती. मी 'मुंगे' म्हटलं. तोंडात बोळे, शब्द कसला, नुसता फुसकारा. तिला ऐकू आलं. पण तिनं आधी बाईंकडे बघितलं. सगळं ठीक झालं का, अशा नजरेनं. बाईंनी मान हलवली, मग ती माझ्याकडे वळली. तुम्ही म्हणाल, एवढंसं. एवढंसंच असतं. कुसळ काय मोठं असतं का?

मग पुढे फोटो काढला, तो आरपार दिसणारा. खड्ड्याच्या कडेनं पांढरं दिसायला लागलं होतं. सर्जनसाहेब खूश. म्हणाले, हाड धरतंय! मी मुंगीकडे हात केला, तर ती फोन घेऊन बाहेर पळालेली. काचेतून दिसत होती. नाचत होती. "मॅडम, धरलंय! मॅडम, कडेनं पांढरं दिसतंय!" हाड माझं, बातमी बाईंना. मी आत तोंड उघडून बसलेली.

एक गोष्ट मात्र आज सांगायचीच. बाई, तुम्ही रागवा नाहीतर हसा. यांच्या जाळीला उष्णता सोसत नाही. नुसत्या कढत पाण्यानंही ती वितळते. हे जगाला शिकवणाऱ्या या बाई एकदा मोठ्या सभेला निघाल्या. बरोबर दाखवायला जबड्याचा नमुना, त्यात सुंदर जाळी बसवलेली. वाटेत काही घ्यायला उतरल्या आणि नमुना ठेवला कुठं, तर गाडीत, पुढच्या काचेखाली, रणरणत्या उन्हात. परत येऊन बघतात तो जाळी कुठली? कुणीतरी चघळून चिकटवलेला गोळा! त्या दिवशी माझा वाढदिवस. केकवर सुरी ठेवलेली आणि मुंगीचा फोन वाजला. उठली ती गेलीच, यंत्र चालू करायला. मी तो केक तसाच कापला आणि तिच्या वाटणीचाही खाल्ला. आता म्हणाल, बाईंनी सभेत हे लपवलं असेल. छे! तिथं उभं राहून सांगितलं, "चूक माझी, आणि ही नवी जाळी हिनं दुपारात उभी केली." सगळ्यांनी हिच्यासाठी टाळ्या वाजवल्या. लपवलं असतं तर काय बिघडलं असतं? मला मनापासून नावं ठेवता आली असती.

सर्जनसाहेब मघाशी फार छान बोलले. म्हणाले, गुरू हा या जाळीसारखा असतो. शिष्य उभा राहीपर्यंत आधार देतो आणि मग स्वतः विरघळून जातो. पुष्कळांनी डोळे पुसले. साहेब, रागवू नका, पण मी या बाईंना निरखून बघितलंय. या विरघळताना कुठंही दिसत नाहीत. चांगल्या टणक आहेत. निवृत्त होऊन नवी संस्था काढायला निघाल्यात. आणि विरघळणारी जाळी हाड मागे ठेवून जाते. ही जाळी जाताना हाड पिशवीत घालून नेते आहे! आता मग कुणी म्हणेल, आजीही जाळीच, आजीनंही विरघळावं. मला नाही विरघळायचं. माझं अजून पुष्कळ काम आहे.

पाणी द्या जरा.

तर महिन्याभरापूर्वी मी मुंगीला सरळ विचारलं. म्हटलं, "बाई निवृत्त होणार. त्या गेल्यावर तू इथंच राहशील ना?" तिनं काय म्हणावं? "मॅडमना विचारून सांगते." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझ्या घरात राहायचं की नाही, हे मॅडमना विचारणार! पण पुढे काही बोलली नाही. ती 'जाते' म्हणाली नाही, म्हणून मी धरून चालले की राहते. मी पुढची खोली रंगवून घेतली तिच्यासाठी. खिडकीपाशी टेबल. आणि आज इथं येऊन कळतंय की—

काय? बाई, काय पुटपुटलात? नाही, तसं नाही. मोठ्यानं बोला. थांबा, माइक वळवते.

ऐकलंत? मागे ऐकू आलं का? बाई म्हणतात, "मी तिला माझ्याबरोबर येतेस का विचारलं, तेव्हा मला ती म्हणाली, 'आजीला विचारून सांगते.'"

मला तिनं काही विचारलेलं नाही! बाई, तुम्हाला? तुम्हालाही नाही?

मग अध्यक्षसाहेब, तुम्हाला कुणी सांगितलं ती जाते म्हणून? बाईंनी? बाई, तुम्ही काय सांगितलंत? "बहुतेक येईल" असं? का? "नंतर ती नाही म्हणायला आली नाही, म्हणून मी धरून चालले." वा! म्हणजे ती राहणार असं मी धरून चालले, ती येणार असं तुम्ही धरून चाललात, आणि तुमचं 'बहुतेक' अध्यक्षसाहेबांच्या तोंडी येईपर्यंत पार पिकून 'नक्की' झालं. इतकी शिकलेली माणसं तुम्ही. आणि 'घाईनं निष्कर्ष काढू नये' हे शिकवणाऱ्याही तुम्हीच, वर माझा चहा बिघडवलात तो वेगळाच!

आणखी काय म्हणता, बाई? बोला, बोला. आता राहिलंय काय?

"तिकडे मी दोन खोल्यांचं घर बघितलंय." एक हिच्यासाठी? हं. खिडकी आहे का त्या खोलीला? आहे म्हणतात. मग आमच्या खोलीच्या तोडीस तोड झाली.

आणि काय? हे सगळ्यांना ऐकवते, बाई, तुम्ही हळू बोलता. बाई म्हणतात, "कितीही महत्त्वाचं काम चालू असू दे, संध्याकाळ झाली की ही उठते. 'आजी वाट बघत असेल' म्हणते आणि जाते. इतक्या वर्षांत तिला एकदाही थांबवता आलं नाही. मला वाटायचं, एवढं काय आहे त्या आजीत?"

म्हणजे तुम्हीही जळत होतात?

हसू नका. सरळ सांगा, जळत होतात ना? मान हलवली! सगळ्यांनी बघितलं ना? सर्जनसाहेब, तुम्ही साक्षीदार. खरं सांगते, जबड्यात हाड भरलं तेव्हाही मला इतकं बरं वाटलं नव्हतं. इतकी वर्षं मी एकटीच जळते आहे असं वाटत होतं. समोरून धूर येत होता आणि मला दिसला नाही!

पण मग चोर कोण? ती तिथं तिसऱ्या रांगेत आहे. मुंगे, आता नाड्या सोड. इकडे आजीचं नाव सांगितलंस, तिकडे मॅडमचं. दोघींच्या मध्ये बसून राहिलीस, कुणालाच दुखवायचं नाही म्हणून. काय झालं त्यानं? दोघींनी खोल्या धरून ठेवल्या आणि एक चांगली सभा बिघडली. मला तुझा राग आलाय. बाईंनाही आलाय, त्या फक्त चांगल्या घरच्या आहेत म्हणून गप्प आहेत.

आता कुणी म्हणेल, आजी, मोठं मन करा, जा म्हणा. मी म्हणणार नाही. मला ती इथं हवी आहे. बाई म्हणतील का, राहा म्हणून? बघा, त्याही म्हणत नाहीत. त्यांना ती तिकडे हवी आहे. आम्ही दोघींनी काय हवं ते चारचौघांत सांगून टाकलंय. ती गेली तर मी जळेन, राहिली तर बाई जळतील. त्याला कुणाच्या प्रयोगशाळेत औषध नाही. पण काही झालं तरी 'आजीनं सोडलं नाही' किंवा 'मॅडमनी नेलं' असं मला पुढे ऐकायचं नाही. तुला काय हवंय ते या सभेत एकट्या तुझ्याच तोंडून अजून आलेलं नाही.

बाई, तुमचे आभार मानायचे राहिले. माझा जबडा तुमच्या कामामुळं जागेवर आहे, आणि आज त्याचा मी पुरेपूर उपयोग केला. तुम्ही जिथं जाल तिथं तुमच्या जाळ्या नीट धरोत, आणि गाडी सावलीत लावा. सर्जनसाहेबांचे आभार, हात हलका आहे तुमचा. अध्यक्षसाहेब, तुमचेही, मला मध्येच थांबवलं नाहीत म्हणून. कार्यक्रम आखणाऱ्यांचे, खुर्च्या लावणाऱ्यांचे, कप मांडून केव्हापासून ताटकळलेल्या त्या माणसाचे आभार. बोलताना कुणाला चुकून लागलं असेल तर म्हातारीला माफी असावी. ज्यांना मुद्दाम लागेल असं बोलले, त्यांनी माफ करण्याची घाई करू नये.

आता शेवटचं. मुंगे, ऊठ. आईकडे बघू नकोस, तिला यातलं काही माहीत नाही. इथं वर ये. अध्यक्षसाहेब, तुम्ही 'वेळ झाली' म्हणायचं नाही. बाई, तुम्ही तिच्याकडे बघून मान हलवायची नाही, आणि मीही डोळे वटारणार नाही. मी आपली भिंतीकडे तोंड करून बसते. जाते की राहते, ते तिनं सांगायचं. आणि 'विचारून सांगते' म्हणायचं नाही. चल, बोल.